भाऊंचा प्रोग्रॅम घरी जायला तयार नाही

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटचा पेशंट दवाखान्याच्या सात पायऱ्या उतरून गेला. डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप खुंटीला लावला, ड्रेसरने कात्र्या-चिमटे उकळून पुसून ठेवले, रक्तवाल्याने दिवसभराच्या नळ्या मोजून डब्यात भरल्या, आणि तरीही दवाखान्याला कुलूप लावता येईना. कारण भाऊंचा प्रोग्रॅम अजून बसला होता.

काम संपलं होतं, याबद्दल वाद नव्हता. बेचाळीस पेशंटांना बेचाळीस निरोप गेले होते. कोणाला 'उद्या साडेनऊला या', कोणाला 'उद्या उपाशीपोटी या', कोणाला 'रिपोर्ट आले आहेत, घेऊन जा'. पण पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करत होती, आणि ती रेघ दिसते आहे तोवर संगणकाला हात लावायचा नाही, असं खुद्द भाऊंनीच सकाळी सगळ्यांना दोनदा बजावलं होतं.

"भाऊ, हा आता नक्की काय करतोय?" अक्कांनी विचारलं. किल्ल्यांचा जुडगा हातात, पर्स खांद्याला.

"वाट बघतोय."

"कोणाची?"

"पुढच्या निरोपाची."

"पुढचा निरोप आहे का?"

"नाही."

"मग?"

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते त्याला माहीत नाही," ते म्हणाले.

भाऊ म्हणजे अक्कांचे धाकटे बंधू. तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात बसून त्यांनी नळांचे नकाशे काढले. शहरातली कुठली पाइपलाइन कुठल्या झाडाखालून वळते, हे ते डोळे मिटून सांगत. स्वयंपाकघरातला नळ मात्र चार वर्षं गळत होता, पण तो विषय त्यांच्या पत्नीसमोर, म्हणजे वहिनींसमोर, काढू नये. निवृत्त झाल्यावर भाऊंनी तीन महिन्यांचा संगणकाचा वर्ग केला. वर्गात बाकीचे सगळे विशीतले आणि भाऊ अठ्ठावन्न वर्षांचे. प्रमाणपत्र फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावलं, आणि आल्यागेल्याची नजर तिकडे जावी म्हणून पंखा मुद्दाम त्या भिंतीकडे तोंड करून ठेवला. फ्रेम हलायची, माणूस बघायचा, भाऊ म्हणायचे, "छे, काही विशेष नाही, असंच."

तर या असंच केलेल्या वर्गावर आता अक्कांचा गुडघा अवलंबून होता.

अक्का एकतीस वर्षं त्या दवाखान्यात काउंटरवर होत्या. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. सात पायऱ्या त्या एकेक करून चढायच्या, चौथ्या पायरीवर थांबून रस्त्यात कोणी ओळखीचं आहे का ते बघितल्यासारखं करायच्या, आणि मग उरलेल्या तीन. ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा अक्कांनीच मोडली. कारण एकच, ते म्हणजे फोन. दवाखाना बंद झाल्यावर तासभर बसून अक्का दुसऱ्या दिवशीच्या एकूण एक पेशंटला फोन करत. त्यांच्या जागी एकदा एका बाईंना बसवून पाहिलं, तर त्यांनी टाके काढायला येणाऱ्याला उपाशी बोलावलं आणि साखर तपासायला येणाऱ्याला भरपूर जेवून. काउंटर सांभाळायला आता ड्रेसरची बायको तयार झाली होती, चांगली हुशार होती. पण फोनचं नाव काढलं की हात जोडायची. तेव्हा डॉक्टरबाईंनी एक तारखेचं ऑपरेशन स्वतः ठरवून टाकलं आणि भाऊंना म्हणाल्या, "तुम्ही संगणकाचं शिकलायत ना? मग निरोपांचं तेवढं बसवून द्या."

अक्कांनी एकच अट घातली. "हा प्रोग्रॅम आपला आपण काम संपवेल आणि आपला आपण बंद होईल, त्या दिवशी मी किल्ल्या देईन. माझ्यामागे कोणी याच्यापाशी ताटकळत बसलेलं मला चालणार नाही. नाहीतर ऑपरेशन पुढच्या वर्षी बघू."

एक तारखेला बारा दिवस होते.

खरं तर भाऊंनी तोवरच एक मोठी लढाई मारली होती. निरोप पाठवणाऱ्या कंपनीचा अर्ज भरणं हे काम प्रोग्रॅम लिहिण्याच्या दहापट अवघड निघालं. पहिला अर्ज परत आला, कारण दवाखान्याचा शिक्का चौकोनी होता आणि रकाना गोल. दुसरा परत आला, कारण डॉक्टरबाईंच्या सहीची शेपटी चौकटीबाहेर गेली होती. तिसऱ्या वेळी निरोपांचा मजकूर मंजुरीसाठी गेला, तेव्हा 'उद्या उपाशीपोटी या' यावर शेरा आला: 'मजकूर धमकीवजा वाटतो.' भाऊंनी पाणीपुरवठा खात्याच्या भाषेत दोन पानी खुलासा लिहिला, त्यात 'उपरोक्त उपाशीपणा हा केवळ तपासणीपुरता मर्यादित असून' असं एक वाक्य होतं, ते त्यांनी वहिनींना तीनदा वाचून दाखवलं. कंपनीने निरोपाच्या सुरुवातीला 'कृपया' घालण्याच्या अटीवर मंजुरी दिली. ज्या माणसाने हे निभावलं, त्याला एक प्रोग्रॅम बंद करता येईना, याचं भाऊंना फार लागलं.

प्रोग्रॅम तसा नीटच लिहिला होता. निरोपांची एक रांग, आणि ती उपसायला तीन गडी. हे गडी म्हणजे अर्थात प्रोग्रॅममधलेच, पण भाऊ त्यांच्याबद्दल असं बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, तिघं बाहेर विडी ओढत उभे असतील. एकच गडी ठेवला असता तर निरोप पाठवून त्याची पोच येईपर्यंत तो नुसता बसून राहिला असता. तीन असल्यामुळे एक जण पोचेची वाट बघतोय तोवर दुसरा पुढचा निरोप उचलायचा. रांग झपझप संपायची. संपल्यावर तिघंही रांगेच्या तोंडाशी उभे राहायचे, आता येईल, मग येईल म्हणून. त्यांना कोणी 'या आता' म्हणून सांगितलंच नव्हतं.

पावणेचारला अक्कांनी सरळ मेन स्विच बंद केला. तो बंद केल्याशिवाय दवाखाना सोडायचा नाही, असा तिथला जुना नियम होता. पांढरी रेघ विझली आणि भाऊंचा चेहराही उतरला.

आता कुठला निरोप पोचला आणि कुठला नाही, याची नोंद प्रोग्रॅम निघताना करणार होता. तो निघालाच नव्हता, त्याला उचलून बाहेर काढला होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला संगणक सुरू झाल्याबरोबर प्रोग्रॅमने मोठ्या उत्साहाने कालचे बेचाळीस निरोप पुन्हा पाठवले.

भाऊंच्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहत. आयुष्यभर लेखी सूचना काढल्या आणि पाळल्या, असा मनुष्य. त्यांची साखर तपासायची होती. मंगळवारी सकाळी ते सांगितल्याप्रमाणे उपाशीपोटी आले, पाचव्या पायरीवर पोचले, आणि खिशात फोन वाजला: 'कृपया उद्या उपाशीपोटी या.' दुसरा कोणी असता तर वर येऊन विचारलं असतं. हेडमास्तरांनी लेखी सूचना वाचली, फोन खिशात ठेवला आणि वळून घरी गेले. मंगळवारी दुपारी प्रोग्रॅम पुन्हा हलेना, पुन्हा मेन स्विच बंद झाला, आणि बुधवारी सकाळी हेडमास्तर बरोबर पाचव्या पायरीवर असताना तोच निरोप पुन्हा आला.

"नियम म्हणजे नियम," घरी परतताना ते भाऊंच्या दारात उभे राहून म्हणाले, पण आवाज जरा खोल गेला होता. भाऊंनी त्यांना सांगितलं, "सकाळचा निरोप आदल्या दिवशीचाच असतो, तो धरू नका. दुपारी येईल तोच खरा."

शेजाऱ्यांचे सल्ले तोवर सुरू झालेच होते. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणाला, "बंद करून चालू करा." तो हा उपाय झेरॉक्सच्या मशीनला, स्कूटरला आणि एकदा स्वतःच्या मेव्हण्याला लागू पडल्याचं सांगायचा. हेडमास्तरांचं मत पडलं की प्रोग्रॅमला शिस्त नाही, आणि शिस्त वरून येते. असं म्हणून त्यांनी भाऊंकडे बघितलं. वरच्या मजल्यावरच्या टेलरबाई जिन्यात भेटल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पण तुम्ही धागा तोडण्याआधी गाठ मारता का?" भाऊंना वाटलं, बाईंना काही समजलेलं नाही.

वहिनींनी सल्ला दिला नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्यावरच गेलाय."

"म्हणजे?"

"तुम्ही कोणाकडे गेलात की 'निघतो आता' म्हणता ते आठला, आणि उठता साडेनऊला. मग दारात अर्धा तास. मग चपला घालून अर्धा तास. यजमान बिचारे जांभया लपवत उभे. आता तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम वेळेवर कसा उठेल, अहो?"

काही माणसांना नातेवाइकांपुढे अपमान सहन होत नाही, भाऊंना तो यंत्रापुढे सहन होत नव्हता. बुधवारी दुपारी ते दवाखान्यात जाऊन बसले आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: रांग रिकामी दिसली, की निघायचं.

तीन वाजून चार मिनिटांनी चमत्कार झाला. निरोप भराभर गेले, रांग रिकामी झाली, पडद्यावर ठळक अक्षरांत 'समाप्त' उमटलं आणि पांढरी रेघ आपली आपण नाहीशी झाली. भाऊंनी दोन्ही हात वर केले. ड्रेसरने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाई हात पुसत बाहेर आल्या.

"छान झालं," अक्का म्हणाल्या. "फक्त ते 'समाप्त' काढून टाक. दवाखान्यात असं काही लिहून ठेवायचं नसतं."

"मग काय लिहू?"

"माणूस निघताना काय म्हणतो? 'येतो' म्हणतो. तेच लिही."

भाऊंनी लिहिलं. सगळे वेळेवर घरी गेले. अक्का पायऱ्या उतरताना चौथ्या पायरीवर थांबल्या नाहीत, असं भाऊंना वाटलं. थांबल्या असतीलही, आनंदात असलेला माणूस बारकाईने बघत नाही.

गुरुवारी सकाळी दहाला हेडमास्तर दवाखान्यात शिरले ते तक्रार करायलाच. दोन दिवस ते आले नाहीत असं दिसल्यामुळे अक्कांनी त्यांचं नाव गुरुवारसाठी घातलं होतं. रक्तवाल्याने सवयीने विचारलं, "उपाशी आहात ना?"

"अजिबात नाही," हेडमास्तर ताठ उभे राहून म्हणाले. "काल दुपारी मला कसलीही सूचना आलेली नाही. सूचना नाही, त्या अर्थी बंधन नाही. मी दोन कप चहा, चार केळी आणि बिस्किटांचा एक पुडा खाऊन आलो आहे. शिवाय घरातून निघताना दोन पेढे."

ज्या दोन दिवशी गरज नव्हती त्या दिवशी गृहस्थ उपाशी, आणि ज्या एका दिवशी हवं होतं त्या दिवशी पोट भरून. भाऊंनी नोंदी उघडून बघितल्या. एकोणचाळीस निरोप पोचले होते आणि शेवटचे तीन नव्हते. रांग रिकामी झाली हे खरं, पण तिन्ही गड्यांनी शेवटचा एकेक निरोप नुकताच हातात घेतला होता, आणि त्यांच्या हातातलं पूर्ण व्हायच्या आत प्रोग्रॅमने दिवे घालवून कुलूप लावलं होतं. उरलेल्या दोघांपैकी एक आजीबाई टाके काढायला आल्याच नाहीत, आणि तिसरा माणूस भलत्याच वेळी आला.

अक्कांनी कोणालाही काही म्हटलं नाही. हेडमास्तरांना खुर्ची दिली, त्यांची क्षमा मागितली, आजीबाईंना फोन लावून शुक्रवारची वेळ दिली. भाऊ संगणकाच्या मागे तारा तपासण्याचं निमित्त करून वाकले होते, तेव्हा त्यांना अक्कांचा आणखी एक फोन ऐकू आला. आवाज अगदी हळू होता.

"मोठं हॉस्पिटल ना? एक तारखेची गुडघ्याची तारीख आहे माझी. ती पुढे गेली तर परत कधीची मिळेल, एवढंच विचारायचं होतं. नाही नाही, अजून नक्की नाही. आठ महिने? बरं."

भाऊ तारांमागून लगेच बाहेर आले नाहीत. अपमान, प्रमाणपत्र, हेडमास्तर, सगळं बाजूला पडलं. आठ महिने म्हणजे रोज सात पायऱ्या वर आणि सात खाली, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज नेहमीपेक्षा वेगळी होती.

त्या दिवशी ते संगणकाला शिवले नाहीत. पेशंटांच्या बाकावर जाऊन बसले आणि दवाखाना बघत राहिले. एकतीस वर्षांत ते इथे शंभर वेळा आले असतील, पण प्रत्येक वेळी आपला खोकला घेऊन. अक्का काय काम करते, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

काउंटरमागे भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या आणि त्यांवर नंबर घातलेले पांढरे पत्र्याचे बिल्ले. पेशंट आला की त्याला बिल्ला. तीन खोल्या: डॉक्टरबाईंची, मलमपट्टीची, रक्त घ्यायची. पेशंटाचं काम पूर्ण झालं की खोलीतला माणूस बिल्ला बाहेर पाठवायचा आणि अक्का तो परत खिळ्यावर लावायच्या. नुसतं आत गेलं म्हणजे झालं, असं नाही. बाहेर आला की झालं. तीन वाजता अक्कांनी दाराची एक फळी लोटली, आणि मग त्यांनी सगळ्यात खालच्या ओळीतल्या खिळ्यांवरचे तीन लाल बिल्ले काढले.

भाऊ सरसावून बसले.

प्रत्येक खोलीच्या रांगेत शेवटच्या पेशंटामागे एक लाल बिल्ला गेला. डॉक्टरबाईंचा लाल बिल्ला अकरा मिनिटांनी परत आला, त्यांच्या स्वतःच्या हातून. ड्रेसरचा पंधरा मिनिटांनी. रक्तवाल्याच्या खोलीत एक बाई हात पुढे करायला घाबरत होत्या, त्यांना वीस मिनिटं लागली. बाकं केव्हाच रिकामी झाली होती, तरी अक्का जागच्या हलल्या नाहीत. तिसरा लाल बिल्ला हातात पडला, तेव्हा त्यांनी किल्ल्या उचलल्या.

"अक्का," भाऊ म्हणाले, "हे लाल काय आहे?"

"ते होय? रांगेत हा आला की समजायचं, याच्यामागे कोणी नाही. हातातलं पूर्ण करायचं, हात धुवायचे, दिवा घालवायचा आणि बिल्ला मला आणून द्यायचा. तीन आले की मी कुलूप लावते."

"पण तीन कशाला? एकच फिरवला तर?"

अक्का हसल्या. "आधी एकच होता. पहिल्या वर्षी. डॉक्टरबाईंनी तो ड्रेसरला दिला, ड्रेसरने खिशात टाकला आणि घरी गेला. तेव्हाचा रक्तवाला बिचारा पाच वाजेपर्यंत सुई तयार ठेवून बसला होता. मी परत आले छत्री विसरले म्हणून, नाहीतर बसलाच असता. जेवढ्या खोल्या, तेवढे बिल्ले."

"आणि रांगेत शेवटीच का? तीनला सरळ आत जाऊन 'बंद करा' म्हणून सांगायचं."

"आणि बाकावर बसलेल्यांनी काय करायचं? माझ्या रजेत एका बाईंनी बाकं रिकामी बघून बाहेरून कुलूप लावलं होतं. आत एक माणूस अर्धवट पट्टी बांधलेला. बाकं बघून कुलूप लावायचं नसतं रे भाऊ."

भाऊंनी कपाळावर हात मारला. तीन महिन्यांच्या वर्गात, जाड पुस्तकात, दोन रात्री जागून जे सापडलं नव्हतं, ते सगळं या बाईने पत्र्याच्या तीन तुकड्यांवर बसवलं होतं, आणि एकतीस वर्षं कोणाला सांगितलंही नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. आपली बहीण हुशार आहे, हे भाऊंना लहानपणापासून माहीत होतं. किती, ते आज कळलं.

"आणि तुला कुठला बिल्ला?" त्यांनी सहज विचारलं.

"मला कशाला? मी कुलूप लावते," अक्का म्हणाल्या.

शुक्रवारी भाऊंनी प्रोग्रॅम नव्याने लिहिला. रांगेच्या शेवटी तीन लाल बिल्ले. प्रत्येक गड्याने आपल्या वाट्याला आलेला लाल बिल्ला घ्यायचा आणि निघायचं. तिघं निघाले की नोंद करून प्रोग्रॅमनेही निघायचं. दुपारी दोन गडी शहाण्यासारखे निघून गेले. तिसरा गेला नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. नोंदीवरून कळलं, त्याला एक बंद पडलेला फोन नंबर लागला होता, आणि तिथेच तो तोंडावर आपटला होता. त्याच्या वाट्याचा लाल बिल्ला रांगेत तसाच पडून, आणि प्रोग्रॅम त्याची वाट बघत बसलेला.

पूर्वीचे भाऊ असते तर टेबलावर मूठ आपटली असती. आताच्या भाऊंनी खुर्ची फिरवली.

"अक्का, पेशंट मध्येच उठून पळाला तर काय करतेस?"

"पळतात की. सुई बघून एक पैलवान पळाला होता. बिल्ला हातात घेऊनच."

"मग?"

"मग रक्तवाला त्याच्यामागे रस्त्यापर्यंत धावला. माणूस परत नाही आला तरी चालेल, म्हटलं, बिल्ला आण. काम झालं तरी बिल्ला परत आणि नाही झालं तरी परत. नाही झालं, तर 'राहिलेले' म्हणून वहीत नाव लिहायचं आणि पुढच्याला आत घ्यायचं. एकासाठी दुकान अडकवून ठेवायचं नाही. पण त्याला विसरायचंही नाही, मी संध्याकाळी फोन करते त्याला."

भाऊंनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. खरंच, वहीत लिहून घेतलं, आणि खाली तारीख टाकली. जिन्यात टेलरबाई भेटल्या, तेव्हा त्यांना थांबवून म्हणाले, "तुमचं गाठीचं बरोबर होतं." टेलरबाई म्हणाल्या, "हो का?" आणि वर गेल्या.

शनिवारपासून प्रोग्रॅम रोज वेळेवर निघू लागला. तरी अक्का सहा दिवस रोज शेजारी उभ्या राहून बघत होत्या, आणि त्या बघत असताना भाऊ श्वास रोखून धरत. परीक्षेचा निकाल लागताना असा धरला नव्हता.

मग महिन्याचा शेवटचा दिवस आला. तीन वाजता फळी लोटली गेली, तीन लाल बिल्ले तीन खोल्यांत गेले, आणि भाऊंनी प्रोग्रॅम सुरू केला. सगळे काउंटरभोवती जमले. वहिनीसुद्धा आल्या होत्या. डॉक्टरबाईंनी आपला बिल्ला आणून दिला, मग ड्रेसरने, मग रक्तवाल्याने. अक्कांनी तिन्ही खिळ्यांवर लावले. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली: 'लाल बिल्ले तीन, तिन्ही परत. पोचले सदतीस. राहिले दोन.' खाली दोन नावं. त्याखाली 'येतो', आणि रेघ गेली.

"गेला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"गेला," अक्का म्हणाल्या. "सगळं आवरून, सांगून गेला." आणि भाऊंच्या पाठीवर त्यांनी एक थाप मारली. तशी थाप त्यांनी भाऊ चौथीत असताना, पोहायला शिकले त्या दिवशी मारली होती. भाऊंना ती आठवली आणि त्यांनी चष्मा पुसायला काढला.

राहिलेल्या दोघांना अक्कांनी फोन केला. एकाचा नंबर बदलला होता. दुसरे म्हणजे हेडमास्तर. त्या आठवड्यापासून त्यांनी फोन बंदच ठेवला होता, नवी सूचना येईल या भीतीने. अक्कांनी त्यांच्या पत्नीला फोन लावला. "त्यांना म्हणावं, उद्या रिपोर्ट घ्यायला या. आणि जेवून या. हो, जेवून. हवं तर लेखी पाठवते."

मग काही उरलं नाही. टेबल आवरलेलं, वही मिटलेली. अक्कांनी किल्ल्यांचा जुडगा ड्रेसरच्या बायकोच्या हातात ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. तरी अक्का उठेनात. एकदा ड्रॉवर उघडून बघितला, एकदा खिळ्यांवरचे बिल्ले सारखे केले, पुन्हा ड्रॉवर.

भाऊंनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि काउंटरवर ठेवलं. रंगाच्या जुन्या डब्याच्या झाकणातून कापलेला पत्र्याचा बिल्ला होता, कडा घासून गुळगुळीत केलेला, लाल रंगाचे दोन हात दिलेला. वहिनींनी तो तीन दिवस बाल्कनीत वाळत ठेवला होता.

"हा कोणाचा?" अक्कांनी विचारलं.

"तुझा," भाऊ म्हणाले. "तुझ्या रांगेत आता मागे कोणी नाही, अक्का. नवीन काही घ्यायचं नाही."

अक्कांनी बिल्ला उचलला, उलटसुलट करून बघितला, अंगठ्याने कड चाचपली. डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघत होत्या. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, रंग सुकलाय हो, साडीला नाही लागायचा," आणि उगाच स्वतःचा पदर सारखा केला.

अक्कांनी बिल्ला पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

"अगं, तो परत खिळ्यावर लागतो," भाऊ म्हणाले. नियम नव्याने शिकलेल्या माणसाला तो मोडलेला बघवत नाही. "तूच सांगितलंस. बिल्ला परत आलाच पाहिजे."

"हातातलं पूर्ण झालं की," अक्का गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या. "माझं हे एक राहिलंय अजून. झालं की येईन लावायला. या सातही पायऱ्या एका दमात चढून."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि वळून सगळ्यांना म्हणाल्या, "येते."

भाऊंचा हात धरून त्या एकेक पायरी उतरल्या. चौथ्या पायरीवर थांबल्या, आणि या वेळी रस्त्याकडे बघितल्यासारखं केलं नाही. सरळ गुडघ्याकडे बघितलं आणि मग उरलेल्या तीन उतरल्या.

ड्रेसरने त्याच दुपारी लाल बिल्ल्यांच्या ओळीत चौथा खिळा ठोकला. तो अकरा आठवडे रिकामा होता.